मिनिटाला चार श्वास

छत्री कारखान्याचे अध्यक्ष बेशुद्ध पडल्यानंतर त्यांच्याच अध्यक्षतेखाली आणखी तीन ठराव मंजूर झाले. पहिला जिन्यातल्या दिव्याचा, दुसरा मांजराला गच्चीत येऊ न देण्याचा आणि तिसरा अध्यक्षांच्या उत्तम प्रकृतीबद्दल अभिनंदनाचा. अध्यक्ष कशालाच काही बोलले नाहीत. त्या घरात मौन म्हणजे संमती धरायची पद्धत होती.

म्हाताऱ्याने चाळीस वर्षं छत्र्यांचा कारखाना चालवला होता. मग शिडीवरून पडून पाठीचा मणका मोडला, घरी बसावं लागलं, तेव्हा त्याने घराचाच कारखाना केला. दर शनिवारी दुपारी चार वाजता दिवाणखान्यात सभा. विषयपत्रिका, हरकती, मतदान, इतिवृत्त, सगळं रीतसर. सभासद पाच. स्वतः अध्यक्ष, चिरंजीव (म्हणजे सचिव), सूनबाई, अध्यक्षांची थोरली बहीण, जिला सगळे आत्याबाई म्हणत, आणि जावई. लेक तीन वर्षांपूर्वीच नवऱ्याला कंटाळून निघून गेली होती. नवरा मात्र इथेच राहिला होता. त्याला जा म्हणायचा ठराव कुणी मांडला नव्हता.

घरी ठेवलेल्या सिस्टरला सभेत जागा नव्हती. ती चार वाजून वीस मिनिटांनी पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि अध्यक्षांच्या निळ्या ओठांकडे बघून थबकली. तिने घड्याळ लावून श्वास मोजले. मिनिटाला चार.

"अहो, हे बघा! साहेबांना..."

"सिस्टर," सचिव इतिवृत्तातून मान वर न करता म्हणाले, "परवानगी घेऊन बोलायचं."

सिस्टरने परवानगी न घेता ॲम्ब्युलन्स बोलावली. ॲम्ब्युलन्समधल्या माणसांनी उतारा टोचला, म्हाताऱ्याने डोळे उघडले आणि विचारलं, "गणसंख्या पूर्ण आहे का?"

इस्पितळात रक्त तपासलं. पाठदुखीसाठी म्हातारा अफूच्या कुळातली एक दमदार गोळी घेत असे. ती रक्तात हवी त्याच्या दुपटीहून जास्त निघाली. इन्स्पेक्टरने हिशेब केला. औषध जास्त, औषध देणारी बाई एकच. त्याने सिस्टरला चौकीत नेऊन बसवलं. सोमवारी सकाळी अकरा वाजता तिला कोर्टात उभं करायचं ठरलं. एवढ्या झटपट गुन्हा सुटल्यामुळे इन्स्पेक्टर स्वतःवर खूश होता. तशी ही त्याची नेहमीचीच अवस्था होती.

रविवारी सकाळी तो कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात आला. दुकान कडूताईंचं. हे त्यांचं नाव नव्हतं, पण खरं नाव विचारायची हिंमत कुणी केली नव्हती. कडूताईंच्या मते जगात दोन प्रकारची माणसं असतात. औषधाच्या पाकिटातला कागद न वाचणारी, आणि वाचून काहीच न कळणारी. इन्स्पेक्टरची सोय कुठे लावावी हे त्यांनी तो दारात असतानाच ठरवलं.

"ताई, त्या छत्रीवाल्यांच्या गोळ्या तुम्हीच देता ना?"

"हो."

"किती दिल्यात?"

"चिठ्ठीवर होत्या तेवढ्या. मला उदारपणाची सवय नाही. अठ्ठावीस दिल्या. रोज दोन. शनिवारपर्यंत आठ दिवस झाले. घरात किती सापडल्या?"

इन्स्पेक्टरने वही चाळली. "बारा."

"सोळा आणि बारा किती?"

इन्स्पेक्टर जरा वेळ छताकडे बघत राहिला. "अठ्ठावीस."

"म्हणजे एकही गोळी जास्त गेलेली नाही."

"मग रक्तात जास्त कशी?"

"हा प्रश्न तुम्हाला काल पडायला हवा होता. बाईला चौकीत बसवण्याच्या आधी."

इन्स्पेक्टर कसनुसा हसला. "समजावून सांगा की, ताई."

कडूताईंनी सुस्कारा सोडला. "यकृत म्हणजे कचेरीतला कारकून समजा. पोटात गेलेल्या गोळीची फाईल तो निकाली काढतो. काही खाणंपिणं त्याला सुस्त करतं. मग फायली साचतात आणि नेहमीचीच गोळी जास्त चढते. काही पाला, मुळ्या, फुलं त्याच्या पाठीत चाबूक मारतात. मग फाईल टेबलावर येण्याआधीच निकालात निघते आणि गोळी लागूच पडत नाही. आणि दारू ही तिसरीच गोष्ट. ती कारकुनाला सोडून थेट गोळीशी हातमिळवणी करते आणि दोघं मिळून श्वासावर बसतात. आता सांगा, म्हातारा गोळीबरोबर काय काय घेत होता?"

"ते नाही विचारलं."

"वाटलंच," कडूताई म्हणाल्या आणि दुकानाचं शटर खाली ओढलं.

चौकीत सिस्टर बाकाच्या टोकाला बसली होती. अंगावर कालचाच पांढरा गणवेश होता. तिची निळी वही इन्स्पेक्टरने जप्त केली होती, पण उघडली नव्हती. ती त्याच्या टेबलावर चहाच्या कपाखाली होती.

"ताई, मी जास्त काही दिलं नाही हो."

"माहितेय. मी मोजलंय."

"उद्या कोर्टात उभं केलं की माझी नर्स म्हणून नोंदणी थांबणार. पुढे सुटले तरी काय? बावीस वर्षं केली ही कामं. आता आजारी माणसाजवळ कोण उभं करेल मला? 'ती गोळ्यावाली' म्हणतील."

कडूताईंनी कप उचलून बाजूला ठेवला आणि वही उघडली. अक्षर बारीक, सरळ, तारखेसकट. अशी वही लिहिणारी बाई गोळ्या मोजताना चुकेल यावर त्यांचा विश्वास बसेना. अर्थात त्यांचा कशावरच चटकन बसत नसे.

तीन महिन्यांपूर्वीची नोंद होती: *पाठ पुन्हा दुखते म्हणतात. हात आणि नाक लाल, उन्हाने भाजल्यासारखं. गच्चीत बसवू नये.*

"छत्र्यांचा कारखानदार उन्हाने भाजला?" इन्स्पेक्टर म्हणाला.

"तरी रोज बसायचेच, पाच मिनिटांत भाजायचे," सिस्टर म्हणाली. "छत्री घेऊन बसले तरी. फार अपमान वाटायचा त्यांना."

त्यापुढे डॉक्टरांनी गोळी वाढवल्याच्या दोन नोंदी होत्या. दुसऱ्या वाढीनंतर पाठ शांत. मग बारा दिवसांपूर्वी: *हाताची, नाकाची लाली गेली. सकाळी उगाच रडले.* आठ दिवसांपूर्वी: *दुपारभर झोप. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. सचिवांना सांगितलं.* सहा दिवसांपूर्वी: *सचिवांना पुन्हा सांगितलं.* तीन दिवसांपूर्वी: *सचिवांना पुन्हा सांगितलं.*

"थेट डॉक्टरांना फोन का नाही केलास?" कडूताईंनी विचारलं.

"बाहेरचा सगळा व्यवहार सचिवांमार्फत, असा नियम आहे घरात. सुरुवातीला एकदा केला होता फोन, तर माझ्याविरुद्ध निषेधाचा ठराव झाला."

"मंजूर?"

"एकमताने. साहेबांची पाठ धरली होती, तरी त्यांनी हात वर केला."

कडूताईंनी वही मिटली. "लाली कधी आली आणि कधी गेली, हे तुझ्याशिवाय कुणी लिहिलंय का गं?"

"कोण लिहिणार? बाकीचे त्यांच्याकडे बघायचेच कुठे?"

छत्रीवाल्यांच्या घरात अध्यक्षांच्या खोलीतून चौकशी सुरू झाली. तिथे आत्याबाई आधीच खुर्चीत बसून होत्या.

"तुम्ही भावाला काही खायला-प्यायला देत होतात?"

"एक टोपण ब्रँडी. रोज, झोपायच्या आधी."

"गोळीबरोबर दारू द्यायची नसते. श्वास बंद पडतो."

"अगं, पण मी चांगल्यातली देते!"

कडूताईंनी इन्स्पेक्टरकडचे कागद चाळले. इस्पितळाच्या कागदावर दारूच्या रकान्यात शून्य होतं. त्यांनी खाटेशेजारच्या कुंडीत बोट खुपसलं आणि हुंगलं. मनीप्लांट करपून काळा पडला होता.

"भाऊ तुमच्यापेक्षा शहाणा निघाला," त्या म्हणाल्या. "रोजचं टोपण त्याने इथे ओतलंय."

"म्हणजे ब्रँडीमुळे काही झालं नाही?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"एक जीव गेलाय. पण तो तुमच्या कलमात बसत नाही."

सूनबाई आपणहून आल्या. हातात ग्लास होता. आत ग्रेपफ्रूटचा रस, म्हणजे संत्र्याच्या त्या कडवट, मोठ्या भावाचा.

"मी बाबांना रोज सकाळी एक ग्लास देते. आठ महिन्यांत एक दिवस खाडा नाही."

"गोळीच्या पाकिटातल्या कागदावर लिहिलंय की हा रस चालत नाही."

"ते कागद मी घरात ठेवतच नाही. किती वाईटसाईट लिहितात त्यात! वाचूनच माणूस आजारी पडेल."

"रस कधी वाढवलात? फळ बदललंत?"

"छे! तोच ग्लास, तेच दुकान."

इन्स्पेक्टर कडूताईंच्या कानाशी लागला. "हाच तो सुस्त कारकून?"

"कारकून सुस्त आहेच. पण पहिल्या दिवसापासून सुस्त आहे. डॉक्टरांनी गोळीचं माप या रसासकटच बसवलंय, बिचाऱ्यांना पत्ता नसताना. मूर्खपणा इतका नियमित असला की मापात धरला जातो. मला जे हवंय ते गेल्या तीन आठवड्यांत बदललेलं असणार."

जावई गुळगुळीत चेहऱ्याचा, सतत हसणारा माणूस होता. तो कॅप्सूल विकत असे. बाटलीवर 'प्रसन्नपुष्प' लिहिलेलं होतं, आणि खाली बारीक अक्षरात: सेंट जॉन्स वर्ट, पिवळ्या फुलांचा अर्क.

"तुमचं शिक्षण?"

"अनुभव."

"कशाचा?"

"लोकांना पटवून द्यायचा. ताई, बाबा किती उदास असायचे! तीन महिन्यांपूर्वी मी हे सुरू केलं. रोज एक, माझ्या हाताने. शनिवारीसुद्धा दिली. एक दिवस चुकवली नाही."

"नवी बाटली कधी उघडलीत?"

"झाले वीसेक दिवस. बाटल्या सभेच्या कपाटात असतात. किल्ली सचिवांकडे. त्यांनीच काढून दिली."

"तुम्ही स्वतः घेता का या?"

"मी? मी तसाही प्रसन्नच असतो."

"दिसतंय," कडूताई म्हणाल्या. असं तोंड त्या एरवी मुदत संपलेल्या औषधाकडे बघून करत.

तो गेल्यावर त्यांनी बाटलीतली एक कॅप्सूल उघडली. आतली पूड पांढरी होती. त्यांनी बोटाने जिभेला लावली आणि वाट बघितली. तोंड वाकडं झालं नाही. कडूताईंना हे मुळीच आवडलं नाही.

"काय झालं?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"काहीच नाही," त्या म्हणाल्या. "तेच तर."

चिरंजीव, म्हणजे सचिव, स्वयंपाकघरात छोट्या काट्यावर पालक मोजत होते. पन्नाशीचा सडपातळ माणूस. हृदयाची झडप बदललेली, त्यामुळे रोज रक्त पातळ करणारी गोळी. तीही कडूताईंच्याच दुकानातली.

"साठ ग्रॅम," ते म्हणाले. एक पान जास्त झालं होतं, ते त्यांनी काढून ठेवलं. "जास्त पालेभाजी झाली की गोळी बिनसते. तुम्हीच सांगितलं होतंत."

"यादीही दिली होती."

"ही काय, फ्रिजवर." यादीत नऊ ओळी होत्या. चौथी ओळ सेंट जॉन्स वर्टची. तिच्याखाली लाल पेनाने दोन रेघा मारलेल्या होत्या.

"तुम्ही जावयांच्या कॅप्सूल घेता?"

"वेड लागलंय का मला? एक घेतली तरी माझी गोळी बिघडेल. मी त्या बाटलीच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही."

"आणि वडिलांच्या गोळीशी तिचं काही वाकडं?"

"ते मला काय कळणार? मी सचिव आहे, डॉक्टर नाही." त्यांनी पालकाचं वजन पुन्हा एकदा केलं. "बाई, कशाला वेळ घालवताय? सिस्टरचंच काम आहे हे. परवानगी न घेता ॲम्ब्युलन्स बोलावली तिने. मनात काही नसतं तर इतकी घाबरली असती का?"

"ॲम्ब्युलन्स आली नसती तर तुमचे वडील गेले असते."

"तो वेगळा मुद्दा झाला."

कडूताईंनी इतिवृत्ताची जाड वही मागितली. सचिवांनी ती अभिमानाने दिली. पानांवर क्रमांक, प्रत्येक पानाच्या तळाशी अध्यक्षांची सही. म्हणजे पान फाडायची सोय नाही. कडूताई दिवाणखान्यात बसून तासभर वाचत होत्या. बावीस दिवसांपूर्वीच्या सभेत लिहिलं होतं: *अध्यक्षांनी जाहीर केले की, पुढील महिन्यापासून अध्यक्षपद व कारखाना जावईबापूंकडे सोपवण्यात येईल, कारण या घरात आपणांस आनंद देणारे तेच एकटे आहेत. टाळ्या. (सचिव वगळून.)*

त्यानंतर दोन ठिकाणी: *सिस्टरांची तक्रार, विषय: अध्यक्षांची झोप. पुढील सभेत घ्यावा.*

कडूताईंनी बरीच जुनी पानंही उलटली, एका पानात बोट ठेवलं आणि इन्स्पेक्टरला हाक मारली. "आज चार वाजता खास सभा बोलवा. आणि दारात उभे राहा. डोकं लावू नका, नुसते उभे राहा."

चार वाजता सगळे हजर होते. अध्यक्षांची खुर्ची रिकामी, म्हणून आत्याबाई तिच्यात बसल्या. सचिवांनी पेन उघडलं. कडूताईंनी 'प्रसन्नपुष्प'ची बाटली टेबलाच्या मधोमध ठेवली.

"विषय एकच. अध्यक्ष दोन दिवसांत घरी येतील. ही कॅप्सूल चालू ठेवायची का?"

"अर्थात!" जावई म्हणाला.

"नैसर्गिकच आहे ती," सूनबाई म्हणाल्या.

"फुलंच तर आहेत," आत्याबाई म्हणाल्या. "फुलांनी कुणाचं काय वाईट होतंय?"

"सचिव?"

सचिवांनी क्षणभर बाटलीकडे बघितलं. "माझी काही हरकत नाही."

"छान. मग प्रत्येकाने इथेच एकेक गिळावी. जो घेणार नाही, त्याला हिच्यात काही खोट असल्याचं ठाऊक आहे, असं इन्स्पेक्टर साहेब लिहून घेतील."

इन्स्पेक्टरने घाईघाईने वही काढली. ती उलटी धरली होती, पण परिणाम झाला.

आत्याबाईंनी कॅप्सूल घेतली आणि पदराआडून काढलेल्या बाटलीतल्या घोटाबरोबर गिळली. सूनबाईंनी डोळे मिटून गिळली आणि लगेच बरं वाटत असल्याचं सांगितलं. सचिवांनी इतिवृत्तात वेळ टिपली, कॅप्सूल जिभेवर ठेवली आणि शांतपणे पाणी प्यायले.

जावई मात्र कॅप्सूल बोटात धरून बसला होता. हसू पहिल्यांदाच मावळलं होतं.

"घ्या ना, बापू."

"माझं पोट जरा... ताई, खरं सांगू का? यातलं काय कुणाला बाधेल ते मलाही नीटसं..."

"गिळा!" आत्याबाई ओरडल्या.

त्याने घाबरून ती चावलीच. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. त्याने दोनदा चघळलं. "हे माझं नाही," तो म्हणाला. "माझं एवढं चांगलं लागत नाही. हे कॉर्नफ्लॉवर आहे!"

"आहेच," कडूताई म्हणाल्या. "मी सकाळीच चाखलंय. अख्खी बाटली भरलीय. सेंट जॉन्स वर्ट असतं तर मी तुम्हाला हात लावू दिला नसता. पण हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आत्याबाईंनी फुलं म्हणून गिळली, सूनबाईंनी फुलं म्हणून गिळली. त्यांना अक्कल नाही, त्यामुळे त्या सुटल्या. जावई घाबरले, कारण आपण काय विकतो हे त्यांनाही माहीत नाही. तेही सुटले." त्या सचिवांकडे वळल्या. "तुम्ही कशी काय गिळलीत?"

सचिवांचं पेन थांबलं.

"पालक साठचा पासष्ट ग्रॅम झाला तर तुम्ही मला फोन करता. फ्रिजवर चौथ्या ओळीखाली लाल रेघा. सकाळी म्हणालात, बाटलीच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. आणि आत्ता डोळ्याची पापणी न हलवता गिळलीत. हिच्यात फुलं नाहीत हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मी... विसरलो."

"तुम्ही? इतिवृत्त वाचून दाखवा. अकरा आठवड्यांपूर्वीचं. बोट ठेवलंय मी तिथे."

सचिवांनी वाचलं नाही. सूनबाईंनी वही ओढून मोठ्याने वाचलं: "'सचिवांनी निदर्शनास आणले की, सदर फुलांमुळे अध्यक्षांच्या वेदनाशामक गोळीचा परिणाम कमी होतो. हरकत चार विरुद्ध एक मतांनी फेटाळली.' अय्या, आपण फेटाळली होती का?"

"तुम्ही सगळ्यांनी," कडूताई म्हणाल्या. "तुमच्यात तेवढा एकच माणूस कागद वाचणारा. मला फार वाईट वाटतंय, पण हे सगळं त्या वाचणाऱ्या माणसानेच केलंय."

"पण केलं काय?" इन्स्पेक्टरने दारातून विचारलं. "कॉर्नफ्लॉवरने कुणी मरतं का?"

"नाही. म्हणून तर कुणाला काही सापडलं नाही. तुम्ही सगळे शोधत होतात म्हाताऱ्याला जास्तीचं काय दिलं ते. जास्तीचं काहीच दिलं नव्हतं. होतं ते काढून घेतलं होतं." कडूताईंनी सिस्टरची निळी वही टेबलावर ठेवली. "जावयांनी फुलं सुरू केली. फुलांनी यकृतातल्या कारकुनाला चाबूक मारला, गोळी झटपट निकालात निघायला लागली, पाठ पुन्हा दुखायला लागली. डॉक्टरांना फुलांचं कुणी सांगितलं नाही. त्यांनी गोळी वाढवली, दोनदा. आता माप चाबकासकटचं झालं. मग अध्यक्षांनी कारखाना जावयांना द्यायचं जाहीर केलं आणि दोनच दिवसांनी नवी बाटली निघाली, या कपाटातून, ज्याची किल्ली एकाकडेच. चाबूक बंद. कारकून दोन आठवड्यांत हळूहळू पूर्वीच्या चालीवर आला, गोळी मात्र वाढलेलीच राहिली. रोज थोडी जास्त चढत गेली."

"पण फुलं बंद झाली होती याला पुरावा काय?" सचिवांनी विचारलं. आवाज अजून सभेतलाच होता.

"तुमच्या वडिलांचं नाक. ही फुलं घेणाऱ्याची कातडी उन्हात पटकन भाजू शकते. फुलं सुरू झाली तेव्हा लाल झालं, बारा दिवसांपूर्वी बरं झालं. तुम्ही रोज समोर बसत होतात, पण बघत कोण होतं? सिस्टरने बघितलं आणि तारखेनिशी लिहिलं. म्हातारा पुन्हा रडायला लागला, तेही लिहिलं. शनिवारी तो गेला असता, तर कधी ना कधी कुणीतरी जावयांच्या बाटलीवर बोट ठेवलंच असतं. बाप गेला, वारसदार तुरुंगात, कारखाना तुमचा. इन्स्पेक्टर साहेबांनी आयती सिस्टर पकडली, तेव्हा तुम्ही म्हटलं असेल, तीही चालेल."

मग सचिवांनी पेनाचं टोपण लावलं.

"मी काही दिलेलं नाही," ते म्हणाले. "एक गोष्ट द्यायची थांबवली, एवढंच. आणि तीसुद्धा जी मुळात द्यायलाच नको, असं मी रीतसर म्हटलं होतं. यात बेकायदेशीर काय आहे?"

"तुम्ही थांबवली असतीत आणि डॉक्टरांना एक फोन केला असतात, तर मी तुमचे आभार मानले असते. सिस्टरने तीनदा सांगितलं, बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्यात. तुम्हाला त्याचा अर्थ या घरात सगळ्यांपेक्षा जास्त कळत होता. तुम्ही लिहिलंत, पुढील सभेत घ्यावा. आणि काल बापाचे ओठ निळे पडत असताना तुम्ही समोर बसून तीन ठराव उतरवलेत."

"वीस वर्षं!" सचिव एकदम ओरडले. "वीस वर्षं मी यांची वाक्यं लिहून घेतोय! आणि कारखाना कुणाला? याला? याला छत्री उघडता येत नाही!"

"येते की," जावई दुखावून म्हणाला. "बंद करता येत नाही."

इन्स्पेक्टरने सचिवांच्या दंडाला धरलं. जाताना सचिवांनी इतिवृत्त सोबत मागितलं. ते पुरावा म्हणून जमा झालं होतं, हे कळल्यावर त्यांचा चेहरा पहिल्यांदा पडला. बायको, बाप, कारखाना, कशासाठीही तो एवढा पडला नव्हता.

अध्यक्षांना इस्पितळात सगळं सांगण्यात आलं. मुलाने असं का केलं, हे त्यांनी विचारलं नाही. फुलं घेऊन आपलं नाक लाल होतं, हे आपल्याला आधी का सांगितलं नाही, एवढंच ते चिडून म्हणाले. कडूताईंनी डॉक्टरांच्या हातात चार ओळींचा कागद दिला. फुलं, रस, ब्रँडी आणि घरातल्या माणसांची नावं. चौथी ओळ सगळ्यात घातक, असं त्यांनी तोंडी सांगितलं आणि निघाल्या.

चौकीत पोचल्या तेव्हा इन्स्पेक्टर सिस्टरला मोठ्या मनाने सांगत होता, "जा आता घरी. सुटलीस. आम्ही खरा गुन्हेगार शोधला."

सिस्टर बाकावरून उठली नाही. "लिहून द्या."

"काय लिहून? जा म्हणतोय ना."

"उद्या नोंदणीच्या कचेरीत विचारतील, तेव्हा 'जा म्हणाले' असं सांगू का?"

इन्स्पेक्टरने कडूताईंकडे बघितलं. कडूताई सिस्टरशेजारी बाकावर बसल्या आणि हातातली पिशवी मांडीवर घेतली, जशी माणसं लांबच्या प्रवासात घेतात.

इन्स्पेक्टरने एक कागद ओढला आणि दोन ओळी खरडल्या. सिस्टरने वाचून परत दिला. "'सोडण्यात येत आहे' नको. सोडतात चोरांनाही."

त्याने दुसरा कागद घेतला. तिने तोही परत दिला. "'पुराव्याअभावी' नको. पुरावा आहे. माझ्याच वहीत आहे."

"मग काय लिहू, बाई? तूच सांग."

"लिहा. अध्यक्षांचा श्वास मोजून त्यांना हिने वाचवलं. हिचा काही दोष नाही. पकडण्यात चूक आमची."

"आमची?"

"तुमची लिहिलंत तरी चालेल," कडूताई म्हणाल्या.

इन्स्पेक्टरने लिहिलं. कपाळाला घाम होता. पण शब्द न शब्द लिहिला, तारीख घातली, सही केली, शिक्का मारला. सिस्टरने कागद उजेडात धरून शेवटपर्यंत वाचला, घडी घातली आणि उभी राहिली. कडूताईंनी तिला दंडाला धरलं नाही, नुसती पिशवी दुसऱ्या हातात घेऊन तिच्या बाजूचा हात मोकळा ठेवला. दोन पावलांनी सिस्टरने तो धरला.